एलिफंट बेटावरचे 128 दिवस : वाइल्डने माणसं जगवली कशी?

हिमरेषा : अंटार्क्टिक मोहिमेत जहाज बर्फात बुडाल्यावर मोहीमप्रमुख शॅकल्टन मदत आणायला एलिफंट बेटावरून छोट्या होडीने निघाला. त्याच्या होडीप्रवासावर भरपूर लिहिलं जातं, बेटावर मागे राहिलेल्यांवर कमी. 24 एप्रिल 1916 ला त्याची होडी 'जेम्स केर्ड' निघाली आणि 30 ऑगस्टला सुटकेचं जहाज 'येल्चो' पोचलं. तोवर मागे नेतृत्व करणाऱ्या फ्रँक वाइल्डसह 22 जण बेटावर. तंबू वाऱ्याने फाटलेले, सरपणाला एक काटकी नाही, तरी एकही दगावला नाही. निवारा आणि चूल नेमकी कशी होती? आणि वाइल्डने मांसाचा मोठा साठा करू दिला नाही, ते योग्य होतं का?

दर्यावर्दी : सुमारे चार फुटी दगडी भिंती, त्यांवर उरलेल्या दोन होड्या शेजारी-शेजारी उपड्या, भोवती तंबूचं कापड. काही जण वर होडीच्या आडव्या फळ्यांवर झोपत, बाकीचे खाली. धुराने डोळे उघडेनात, म्हणून पत्र्याचं धुराडं केलं. जळण म्हणजे सीलची चरबी आणि पेंग्विनची कातडी. पण ऊब आली की जमिनीतला बर्फ वितळायचा, पेंग्विनच्या विष्ठेसकट. मग खड्डा खणून ते घाण पाणी डब्याने उपसायचं.

याच चुलीने 15 जूनला तरुण खलाशी ब्लॅकबरोला वाचवलं. डाव्या पायाची बोटं हिमदंशाने काळी पडली होती. भुलीच्या क्लोरोफॉर्मची वाफ व्हायला ऊब हवी, म्हणून छायाचित्रकार हर्लीने कातडी कोंबून चूल धगधगती ठेवली. डॉक्टर मॅकलिनने भूल दिली, डॉक्टर मॅकिलरॉयने पाचही बोटं कापली.

ध्रुवतारा : साठ्याबद्दल माझं मत वाइल्डच्या बाजूने. तो रोज सकाळी वळकट्या बांधायला लावायचा, साहेब (शॅकल्टन) आजच येतील म्हणून. दारात हिवाळाभराचं मांस रचलं असतं तर त्या हाकेवर कोणी विश्वास ठेवला असता?

दर्यावर्दी : इथे मी सहमत नाही. ऑर्ड-लीस भांडारी होता, त्याला मोठा साठा हवा होता आणि त्याचा हिशेब बरोबर होता. किनाऱ्याशी बर्फ दाटला की पेंग्विन, सील येईनासे होतात. ऑगस्टमध्ये खडकावरचे शिंपले आणि समुद्री शेवाळ उकडून खायची वेळ आली ती त्यामुळेच. शिवाय सुटका झाली नाही तर ऑक्टोबरच्या सुरुवातीला होडीने, देवमाशांचे शिकारी येत त्या डिसेप्शन बेटाकडे मदतीसाठी निघायचं, हा वाइल्डचाच बेत. त्या प्रवासाला शिधा लागणारच होता, आणि मागे राहणाऱ्यांनाही. वळकट्या बांधायला लावणं मात्र शंभर टक्के योग्य, त्याला रिकामं भांडार लागत नाही.

हिमरेषा : डिसेप्शनचा मुद्दा लक्षातच आला नव्हता. म्हणजे ज्या होडीने जायचं, तीच मागे राहणाऱ्यांचं अर्धं छप्पर!