सिकलसेल टाळायला भ्रूणाचं जनुक बदलावं का?

प्रश्न: नवरा-बायको दोघेही सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक (एएस, म्हणजे एक जनुक सदोष, एक चांगलं) असतील, तर आयव्हीएफ (शरीराबाहेर गर्भधारणा) करतानाच क्रिस्पर या जनुक कापण्याच्या तंत्राने भ्रूणातलं जनुक का दुरुस्त करू नये? विदर्भात अशी जोडपी कमी नाहीत.

प्रतिसाद १: कारण त्याची गरजच नाही. दोघे वाहक असताना दर गर्भधारणेत आजाराची शक्यता २५ टक्के. पाचव्या-सहाव्या दिवशी भ्रूणाच्या बाहेरच्या थरातून (पुढे त्याचीच वार होते) मोजक्या पेशी काढून त्यांचं जनुक तपासतात, तोवर भ्रूण गोठवतात आणि एसएस (दोन्ही जनुकं सदोष, म्हणजे आजार असलेला) नसलेलाच गर्भाशयात सोडतात. आपल्या २०२१ च्या एआरटी (सहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान) कायद्यात ज्ञात आनुवंशिक आजारासाठी ही तपासणी चालते.

प्रतिसाद २: चीनमधलं २०१८ चं प्रकरण आठवा. वडिलांना एचआयव्ही, म्हणून ‘हे जियानकुई’ नावाच्या शास्त्रज्ञाने भ्रूणांचं सीसीआर५ (एचआयव्हीला पेशीत शिरायला मदत करणारं) जनुक क्रिस्परने कापलं. वीर्य धुऊन (त्यातले शुक्राणू वेगळे करून) घेतलं की बाळाला लागणीचा धोका टळतो, आणि ते धुतलेलंच होतं! एचआयव्हीपासून वाचवणाऱ्या, निसर्गात आढळणाऱ्या बदलात या जनुकाची ३२ अक्षरं गळालेली असतात. जुळ्या मुलींमध्ये भलतेच बदल झाले. शिवाय एकाच भ्रूणात काही पेशी बदलतात, काही नाही. तपासलेल्या चार पेशी चांगल्या निघाल्या म्हणून बाकीच्यांची खात्री कोण देणार? त्या शास्त्रज्ञाला तीन वर्षांची कैद झाली, पण ते बदल मुलींच्या अंगात जन्मभर राहणार, कदाचित त्यांच्या मुलांतही उतरणार.

प्रश्नकर्ता: आणि दोघेही एसएस असतील तर?

प्रतिसाद १: तिथे निवडायला निरोगी भ्रूणच नसतो, हा मुद्दा खरा. तरी दात्याचं बीज (स्त्रीबीज किंवा शुक्राणू) हा मार्ग आहे. २०२३ मध्ये ब्रिटन-अमेरिकेत मंजूर झालेल्या कॅसजेवी या क्रिस्परवर आधारित उपचारात रुग्णाच्याच रक्ताच्या मूळपेशी बदलतात. महाग आहे, आधी जड केमोथेरपी लागते, पण तो बदल पुढच्या पिढीत जात नाही.