साक्षरतेचे प्रसारण : सेवा की पगारी नोकरी?

पडवीतला रेडिओ :
शैक्षणिक प्रसारणात आणि प्रौढ साक्षरतेत आयुष्य घालवणारे लोक ‘सरकारी पगारावर समाजसेवेचा आव आणणारे’ होते आणि मोबाइल आल्यावर त्यांच्या कामाची किंमत शून्य झाली, असे परवा येथे एका सदस्याने लिहिले. त्याला एका ओळीत उत्तर देणे जमणार नाही, म्हणून हा धागा.

१९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतील दीडशे गावांत शेतकरी श्रोतामंडळांचा प्रयोग केला. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत, निमंत्रक त्यांच्या शंका पुण्याला कळवी आणि पुढील कार्यक्रमांतून त्यांना उत्तरे मिळत. श्रोत्याने प्रश्न विचारावा आणि केंद्राने त्याला बांधील राहावे, अशी सोय आजच्या कोणत्या चित्रफितीत आहे? मी याच क्षेत्रातून निवृत्त झालो. नवसाक्षरांसाठीची संहिता आम्ही ध्वनिमुद्रणापूर्वी एखाद्या वस्तीत वाचून दाखवीत असू आणि ज्या शब्दाला बायका एकमेकींकडे पाहून हसत, तो शब्द तिथल्या तिथे खोडीत असू. यात आव कुठे आला, ते कळले नाही.

हिशेबनीस :
ते वाक्य माझेच आहे आणि त्यातला एकही शब्द मी मागे घेत नाही. दीडशे गावांची गोष्ट आपण किती वर्षे पुरवून पुरवून खाणार? पुढे १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर अमेरिकेच्या उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांना दूरचित्रवाणी दाखवली गेली. ठरलेली मुदत संपली, उपग्रह गेला आणि अहवाल उरले. मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम तयार करणारी पुण्याची ‘बालचित्रवाणी’ १९८४ मध्ये सुरू झाली आणि २०१७ मध्ये बंद पडली, तेव्हा किती पालक रस्त्यावर उतरले? राज्याची साक्षरता १९९१ च्या ६४.८७ टक्क्यांवरून २००१ मध्ये ७६.८८ टक्क्यांवर गेली खरी, परंतु ही गणना सात वर्षांवरील सर्वांची असते. त्यातले शाळेत जाणाऱ्या मुलांमुळे किती आणि आपल्या संहितांमुळे किती, हे वेगळे करून दाखवा.

उंबरठा :
आपण दोघेही ज्यांच्याविषयी भांडत आहात, त्या वर्गात मी ‘साक्षर भारत’ या प्रौढ साक्षरता योजनेची प्रेरिका, म्हणजे गावातला वर्ग चालवणारी कार्यकर्ती, म्हणून बसले आहे. मानधन दरमहा २,००० रुपये, तेही कित्येक महिने थकणारे. मार्च २०१८ मध्ये योजना संपली आणि आम्हीही संपलो. निर्मात्याला निवृत्तिवेतन आणि प्रेरिकेला प्रमाणपत्र, ही कोणती सेवा? रेडिओकाका, आमच्याकडे प्रौढांचा कार्यक्रम नेमका बायकांच्या भाकऱ्या तव्यावर असताना लागत असे. ऐकणारे पुरुष बहुतेक आधीच साक्षर होते. ही वेळ कोणी ठरवली, याची शंका पुण्याला कळवायची होती काय?

खडू-फळा :
ताईंना निदान मानधन तरी होते. आता ‘उल्लास’ या नव्या साक्षरता योजनेत शिकवणाऱ्या स्वयंसेवकाला दमडीही नाही आणि निरक्षर शोधण्याचे काम मात्र शिक्षकाच्या गळ्यात. २०२३ मध्ये शिक्षक संघटनांनी या सर्वेक्षणावर बहिष्कार टाकला, तेव्हा याच संस्थळावर आम्हाला कामचुकार म्हटले गेले. मी फक्त मुलांना शिकवण्यासाठी नेमला गेलो आहे.

उंबरठा :
शिक्षकांच्या ओझ्याविषयी मला सहानुभूती आहे, पण त्या ओझ्यापायी काय होते तेही लिहा. ‘उल्लास’मधल्या प्रौढांची लेखन, वाचन आणि संख्याज्ञान अशी १५० गुणांची परीक्षा आमच्या शेजारच्या गावातील एका शाळेत झाली. सासू, जाऊ आणि शेजारीण या तिघींच्या उत्तरपत्रिकांत ‘क’ची शेपटी एकाच झोकात वळलेली होती, कारण तिन्ही पेपर घरातल्या सुनेने सोडवले होते. वर्ग एकदाही भरला नव्हता, तरी तिघीही उत्तीर्ण झाल्या.

खडू-फळा :
एका शाळेवरून सगळ्यांना झोडपणे सोपे आहे. मुरबाड तालुक्यातील फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी सुरू झालेली आजीबाईंची शाळा जिल्हा परिषदेच्या शिक्षकाच्याच पुढाकारातून उभी राहिली, हे सोयीस्करपणे विसरू नये.

उंबरठा :
विसरले नाही. तो वर्ग दुपारी भरतो, म्हणजे ज्यांनी शिकायचे त्यांची घरची कामे आटोपल्यावर. माझे म्हणणे तेच आहे.

पडवीतला रेडिओ :
विषय प्रसारणाचा होता आणि गाडी मानधनावर गेली. तरीही वेळेचा आक्षेप रास्त आहे, एवढे नोंदवतो. वेळापत्रक निर्मात्याच्या हाती नसे, हेही नोंदवतो.

उंबरठा :
गाडी योग्य ठिकाणीच गेली आहे. पुण्याच्या प्रयोगात निमंत्रक नसता, तर आपला रेडिओ कोणासमोर बोलला असता? त्या निमंत्रकाची जागा पुढे आम्ही घेतली आणि प्रत्येक योजनेने सर्वांत आधी तिथलीच कपात केली.

हिशेबनीस :
ताईंचा मुद्दा माझ्या हिशेबात बसतो, म्हणून नाइलाजाने मान्य करतो. ‘आव’ हा शब्द प्रेरकांपुरता मागे घेतला असे समजावे. निर्मात्यांबाबत तो कायम आहे. काकांनी आकडेवारीला अद्याप उत्तर दिलेले नाही.

पडवीतला रेडिओ :
आपण आधी ‘बालचित्रवाणी’चा एखादा भाग पूर्ण पाहिल्याचे सांगा, मग आकडेवारीकडे वळू.