मदत हवी आहे: उद्या बर्फामुळे शाळा बंद असेल का, हे आदल्या रात्री कसं ओळखायचं? (अमेरिका)

प्रश्न (धागाकर्ता):
झिपकोड टाकला की 'स्नो डे'ची टक्केवारी सांगणारी कॅलक्युलेटरं आहेत, पण 85 टक्के दाखवूनही शाळा भरते आणि 20 टक्के असताना पहाटे साडेपाचला बंदचा मेसेज येतो. नॅशनल वेदर सर्व्हिसच्या अंदाजात नेमकं काय पाहायचं?

हिमरेषा:
एकूण इंच बाजूला ठेवा, तासावारी आलेख उघडा आणि पहाटे 3 ते 8 एवढाच पट्टा बघा. बहुतेक ठिकाणी निर्णय पहाटे चार ते साडेपाचच्या दरम्यान होतो, कारण सहाच्या आसपास पहिल्या बसा निघतात. संध्याकाळी सुरू होऊन मध्यरात्री थांबलेला 6 इंच बर्फ सकाळपर्यंत मुख्य रस्त्यांवरून निघालेला असतो. पहाटे चारपासून ताशी एक इंचाने पडणारा 3 इंच जास्त त्रासदायक: प्लाऊ (बर्फ हटवणारी गाडी) पुढे गेला की मागे रस्ता पुन्हा पांढरा.

मग तापमान. रस्त्याचं तापमान 15 अंश फॅरनहाइटच्या (उणे 9 सेल्सिअस) खाली गेलं की साधं मीठ फारसं काम करत नाही. हवेचं नव्हे, रस्त्याचं. दोन्हींत बराच फरक असू शकतो.

दवबिंदू:
फ्रीझिंग रेन विसरू नका, कॅलक्युलेटरं सर्वात जास्त तिथेच फसतात. वर उबदार हवेचा थर आणि जमिनीलगत गोठणबिंदूखालची हवा असली की पाऊस रस्त्याला टेकताच गोठतो. अंदाजात बर्फ शून्य इंच दिसतो, पण रस्त्यावर काच पसरलेली असते, आणि पाव इंच थराने फांद्या आणि विजेच्या ताराही तुटू लागतात. वरच्या थरात एखाद्या अंशाचा फरक पडला तरी पाऊस, स्लीट (गोठलेल्या थेंबांचे बर्फकण) की बर्फ हे बदलतं. म्हणून पाऊस-बर्फाच्या सीमारेषेवरच्या गावांनी रात्री दहानंतरचा ताजा अंदाज पाहिल्याशिवाय काही ठरवू नये.

धागाकर्ता:
धन्यवाद. बर्फ नाही, नुसताच कडाका असेल तर?

हिमरेषा:
तेव्हा विंड चिल पाहा, म्हणजे वाऱ्यामुळे अंगाला जाणवणारं तापमान. 0 फॅरनहाइट आणि ताशी 15 मैल वारा म्हणजे विंड चिल उणे 19 फॅरनहाइट. उघडी त्वचा 30 मिनिटांत गोठू शकते. बसची वाट पाहणाऱ्या मुलांसाठी हाच आकडा निर्णायक. शिवाय कडाक्यात डिझेल घट्ट होऊन बसा सुरूच होत नाहीत. काही स्कूल डिस्ट्रिक्ट (भागातल्या सरकारी शाळा चालवणारी स्थानिक संस्था) आपली विंड चिलची मर्यादा आधीच जाहीर करतात, ती शोधून ठेवा. आणि 'विंड चिल वॉर्निंग' हे नाव ऑक्टोबर 2024 पासून 'एक्स्ट्रीम कोल्ड वॉर्निंग' झालंय, जुनं नाव शोधत बसू नका.

दवबिंदू:
प्रदेशाचा हिशेब वेगळा धरा. जानेवारी 2014 मध्ये जेमतेम दोन-अडीच इंचांत अटलांटा ठप्प झालं. शाळा-कचेऱ्या दुपारी एकाच वेळी सुटल्या, गाड्या घसरट रस्त्यांवर अडकल्या आणि कित्येक मुलांना रात्र शाळेतच काढावी लागली. दक्षिणेत आदल्या दिवशीच बंद जाहीर होतो त्याला हे कारण पुरेसं आहे. उत्तरेत तेवढ्यात कुणी बसही थांबवत नाही.

तेव्हा आपल्याच डिस्ट्रिक्टची वही ठेवा: तारीख, पहाटे पाचचं तापमान, तोवर पडलेले इंच, बर्फ थांबल्याची वेळ, निर्णय. 'दोन तास उशिरा' (शाळा बंद नाही, फक्त दोन तास उशिरा भरणार) हा वेगळा रकाना हवाच, नाहीतर सगळी नोंद बिघडते: सातला थांबणाऱ्या बर्फात बंदऐवजी बहुधा तोच मेसेज येतो.