मदत हवी आहे : खासगी पाळणाघराची सरकारी तपासणी नेमकी कोण करतं?

पुण्यात 14 महिन्यांच्या मुलीसाठी पाळणाघर बघतोय. सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये चालणारं, 18 मुलं, दोन मावशी, जेवण तिथेच शिजतं. बाई चांगल्या वाटल्या. "तपासणी झालीय का?" विचारलं तर त्यांनी शॉप अ‍ॅक्टचा कागद पुढे केला. तो धंद्याच्या नोंदीचा, मुलांच्या सुरक्षिततेशी त्याचा काय संबंध?

50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय सक्तीची झाली ती मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीने, आणि 2018 मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने किमान मानकंही दिली, हे वाचलंय. तीन वर्षांखालच्या 10 मुलांमागे एक प्रशिक्षित सेविका वगैरे. पण ते कंपन्यांच्या पाळणाघरांचं. आमच्या दोघांच्याही ऑफिसात ती सोय नाही, आणि बहुतेक अंगणवाड्या दिवसभर मूल ठेवत नाहीत, त्यामुळे ते पर्याय कृपया सुचवू नका.

एका सरकारी कचेरीत विचारून आलो, त्यांनी दुसरीकडे पाठवलं, दुसऱ्यांनी परत पहिल्याकडे!

तक्रार करायची नाहीये, फक्त प्रवेशाआधी खात्री हवी. माहिती अधिकारात अर्ज टाकायचा तर कुणाकडे, महापालिका की जिल्हा महिला व बालविकास अधिकारी? आणि अशा घरगुती पाळणाघराचा तपासणी अहवाल कुणाला प्रत्यक्ष मिळालाय का?