कॉम्प्युटर मधूनच आपोआप रिस्टार्ट होतोय, विंडोज नवीन टाकूनही तेच चालूय

फ्लेक्सवाला_तासगाव

नमस्कार मंडळी, माझं फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांचं छोटं दुकान आहे, दुकानातला डेस्कटॉप महिनाभर झाला काम चालू असताना एकदम काळा पडतो आणि लगेच स्वतःच परत चालू होतो. निळा स्क्रीन येत नाही, एरर येत नाही, काहीच नाही. संध्याकाळी सातनंतर जास्त होतं, आणि कोरलमधून (डिझाईनचं सॉफ्टवेअर) मोठा फ्लेक्स एक्स्पोर्ट करायला लावला की हमखास. दुपारी कधीकधी चार चार तास नीट चालतो. इथल्या एकाला दाखवला, त्याने व्हायरस आहे म्हणून फॉरमॅट मारून विंडोज १० नव्याने टाकलं, श्रीलिपी, फॉन्ट, सगळं परत बसवण्यात माझा पूर्ण दिवस गेला आणि त्याच रात्री परत रिस्टार्ट. आता तो म्हणतोय मदरबोर्ड गेला, नवीन सेटच घ्या.

आय फाइव्ह फोर्थ जनरेशन (४५७०) प्रोसेसर, एच८१ मदरबोर्ड, ८ जीबी रॅम, २४० जीबीची एसएसडी, जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड मागच्या वर्षी टाकलंय. एसएमपीएस (आतला वीज पुरवणारा डबा) कॅबिनेटबरोबर आलेला तोच, ४५० वॅट लिहिलंय. ६०० व्हीएचा यूपीएस आहे. लग्नसराई तोंडावर आहे, गिऱ्हाईक समोर बसलेलं असतं आणि डिझाईन उडतं, फार त्रास होतोय. कुणाला अनुभव असेल तर सांगा प्लीज.

रत्नांग्रीचो

दादा आधी रॅम काढून खोडरबरने सोनेरी पट्ट्या पुसा आणि दुसऱ्या स्लॉटला लावून बघा. आणि एक गोष्ट कुणी बघत नाही ती म्हणजे कॅबिनेटचं रिसेट बटण. आमच्याकडे पावसात दमट हवेने ते बटण आत गंजतं, अर्धवट दाबलेलं राहतं आणि मशीन मनाला येईल तेव्हा रिस्टार्ट. बोर्डाच्या कोपऱ्यात रिसेट लिहिलेली दोन पिनांची बारीक वायर असते ती उपसून ठेवा, तिच्याशिवाय काही अडत नाही.

पॉवरगुड

रिसेटची वायर काढून बघाच, फुकटचं काम आहे. पण दादा, नवीन सेट घेऊ नका आणि परत फॉरमॅट तर अजिबात मारू देऊ नका. आधी एवढंच ठरवायचंय की विंडोज स्वतः रिस्टार्ट घेतंय की खालून करंट तुटतोय. दोन्ही दिसायला सारखंच दिसतं पण इलाज पूर्ण वेगळा.

विंडोज आणि आर बटण एकत्र दाबून sysdm.cpl टाका आणि ॲडव्हान्स्ड टॅब उघडा, किंवा धिस पीसीवर राईट क्लिक, प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड सिस्टीम सेटिंग्ज, तिथे स्टार्टअप अँड रिकव्हरीच्या सेटिंग्जमध्ये 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट'ची टिक काढा. ही टिक असली की निळा स्क्रीन येऊनही डोळ्याला दिसायच्या आत मशीन रिस्टार्ट होतं. टिक काढल्यावर निळा स्क्रीन थांबून राहिला तर ड्रायव्हर, रॅम असल्या गोष्टींकडे वळायचं.

मग स्टार्टवर राईट क्लिक करून इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, सिस्टीम. तिथे कर्नल-पॉवर ४१ अशी लाल एंट्री असेलच, ती बघून घाबरू नका, तिचा अर्थ फक्त 'मागच्या वेळी मी नीट बंद झालो नव्हतो' एवढाच, कारण ती सांगत नाही. तिच्या डिटेल्समध्ये बगचेककोड (निळ्या स्क्रीनचा एरर नंबर) समोर काय आकडा आहे तो इथे टाका. आणि दोन प्रश्न. संध्याकाळी तुमच्याकडे व्होल्टेज पडतं का? आणि रिस्टार्ट व्हायच्या क्षणी यूपीएसमधून टक् असा आवाज येतो का?

फ्लेक्सवाला_तासगाव

रिसेटची वायर काढली, फरक नाही. रॅम पण पुसली. टिक काढून ठेवली तरी निळा स्क्रीन आला नाही, सरळ रिस्टार्टच. ४१ च्या एंट्र्या भरपूर आहेत आणि सगळीकडे बगचेककोड ०.

व्होल्टेजचं म्हणाल तर हो, संध्याकाळी ट्यूब फडफडते, पंखा हळू होतो, वायरमनने मीटर लावला तेव्हा १७० च्या आसपास होतं. यूपीएसचा टक् आवाज येतो, पण तो तर दिवसभरच मधून मधून येत असतो म्हणून मी लक्ष दिलं नव्हतं, आज नीट ऐकलं तर रिस्टार्टच्या आधी दर वेळी येतोय.

घरूनकाम_कोथरूड

मध्ये बोलतोय माफ करा, माझा पण रिस्टार्ट होतो पण मला निळा स्क्रीन दिसतो आणि बगचेककोड २७८ आहे, मग माझ्याकडे पण खालून करंटच तुटतोय का?

पॉवरगुड

@घरूनकाम तुमची केस वेगळी आहे. तो आकडा दशमानात असतो, कॅल्क्युलेटरच्या प्रोग्रामर मोडमध्ये हेक्समध्ये (सोळाच्या पायाच्या आकड्यांत) बदलला की २७८ चा ११६ होतो आणि ११६ म्हणजे ग्राफिक्स कार्ड किंवा त्याचा ड्रायव्हर. ड्रायव्हर पूर्ण काढून नवा टाका, कार्डाचा पंखा फिरतोय का बघा, नाही जमलं तर वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

@फ्लेक्सवाला दादा, कोड ० आणि निळा स्क्रीन नाही म्हणजे विंडोजला कळायच्या आतच खेळ संपतोय. संशय यूपीएसच्या बॅटरीवर आणि एसएमपीएसवर. होतं काय बघा, व्होल्टेज एका मर्यादेखाली गेलं की यूपीएसमधला रिले (आपोआप पडणारा स्विच) टक् करून लोड बॅटरीवर टाकतो, यात काही मिलीसेकंद जातात. चांगल्या एसएमपीएसच्या आतले मोठे कपॅसिटर (क्षणभर वीज साठवणाऱ्या डब्या) तेवढा वेळ सहज धरून ठेवतात, साधारण १६-१७ मिलीसेकंद. तुमचा एसएमपीएस जुना, कपॅसिटर वाळलेले, वरून बॅटरी मेलेली असेल तर लोड आला की तीही बसते. मग एसएमपीएस बोर्डाला 'पॉवर गुड' म्हणून जो सिग्नल सतत देत असतो तो क्षणभर पडतो आणि बोर्ड लगेच रिसेट घेतो. आपोआप परत चालू होतो म्हणालात ना, हेच कारण. लाईट पूर्ण गेली असती तर बहुतेक बोर्ड बंदच राहतात, बटण दाबावं लागतं.

आता खर्च न करता तपासा. व्होल्टेज नीट असतं तेव्हा, म्हणजे दुपारी, सगळं सेव्ह करा, कॉम्प्युटर चालू ठेवून यूपीएसची पिन भिंतीतून काढा. बॅटरी चांगली असेल तर पाच-दहा मिनिटं तरी मशीन चाललं पाहिजे. लगेच मान टाकली तर बॅटरी गेली. यूपीएस दोन-तीन वर्षांचा असेल तर शक्यता तीच.

दुसरं, कॉम्प्युटर यूपीएस सोडून थेट भिंतीच्या सॉकेटला लावा आणि दुपारीच तो मोठा फ्लेक्स एक्स्पोर्टला टाका. तरीही रिस्टार्ट झाला तर एसएमपीएससुद्धा गेलाय.

तिसरं, स्विच बंद, वायर काढून, मागच्या जाळीतून एसएमपीएसमध्ये टॉर्च मारा. कपॅसिटरचं डोकं सपाट असतं, ते भाकरीसारखं फुगलंय का, वर तपकिरी खरपुडी जमलीय का. फक्त बघायचं, खोलायचं नाही! आत तीनशे व्होल्टच्या वर डीसी साठलेलं असतं आणि वायर काढल्यावरही राहतं. हे मी कळकळीने सांगतोय, स्क्रू ड्रायव्हर घेऊन कुणी बसू नका. आणि स्टिकरवर +१२ व्होल्टच्या समोर किती अँपिअर लिहिलेत तेही सांगा.

फ्लेक्सवाला_तासगाव

सगळं करून बघितलं. पिन काढली आणि पाच सेकंद पण नाही, यूपीएसने लांब टीं करून दम सोडला. थेट भिंतीला लावल्यावर दुपारी बराच वेळ चांगलं चाललं, पण बारा बाय आठचा बॅनर एक्स्पोर्टला टाकला आणि परत गेलाच. जाळीतून दोन कपॅसिटरची डोकी वर आलेली स्पष्ट दिसतायत, एकावर तुम्ही म्हणता तशी तपकिरी खपली पण आहे. स्टिकरवर १२ व्होल्टला १६ अँपिअर. मल्टीमीटरने पिवळ्या-काळ्या वायरवर ११.५ आलं, ते चालतं का?

पॉवरगुड

११.४ ते १२.६ मध्ये असलं पाहिजे म्हणून ११.५ कागदावर पास, पण ते रिकामं बसलेल्या मशीनचं रीडिंग. एक्स्पोर्टच्या वेळी क्षणभर पडतं ते साधा मल्टीमीटर पकडत नाही. १६ गुणिले १२ म्हणजे १९२ वॅट, आणि ही नव्या मालाची ताकद. प्रोसेसर ८४ वॅटचा, कार्ड ७५ चं, वरून बोर्ड, एसएसडी, पंखे. ४५० हा आकडा स्टिकरवरचाच समजा. फुगलेल्या कपॅसिटरवर हे चालतंय तेच खूप. तुमच्या मदरबोर्डवर ठपका ठेवायला मला एकही कारण दिसत नाही.

एसएमपीएस घेताना वॅट बघू नका, १२ व्होल्टचे अँपिअर बघा, तुम्हाला ३० च्या पुढचे हवेत, ८० प्लस मार्क (वीज कमी वाया घालवण्याचं प्रमाणपत्र) असलेला ४५० ते ५५० वॅटचा चांगल्या कंपनीचा पुरे. सांगली-पुण्याला कुणी जात असेल तर मागवा, पुण्यात तपकीर गल्लीत विचारलं तरी मिळेल, फक्त पक्कं बिल घ्या, वॉरंटी त्याच्यावरच मिळते.

रत्नांग्रीचो

लेझर प्रिंटर असेल तर तो यूपीएसला नको हां, त्याचा हीटर तापताना एवढा करंट ओढतो की नवीन बॅटरीवालं यूपीएस पण ओव्हरलोड होईल.

फ्लेक्सवाला_तासगाव

प्रिंटर वेगळ्या स्विचबोर्डावर आहे. मेहुणा परवा पुण्याला चाललाय, एसएमपीएस त्याच्याकडूनच आणतो. यूपीएस बदलू की नुसती बॅटरी? तुमचे दोघांचे खूप आभार, इथे तर सगळे मला पंचवीस-तीस हजाराच्या खर्चात घालायला निघाले होते.

पॉवरगुड

नुसती बॅटरी, १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची, जुन्या बॅटरीवर छापलंय त्यावरून जुळवून घ्या, लाल वायर प्लसला. जुनी भंगारवाल्याला देऊ नका, आत शिसं आणि ॲसिड असतं, बॅटरीच्या दुकानदारालाच परत द्या, तो किमतीत थोडं कमीही करेल. बसवल्यावर रात्रभर चार्ज होऊ द्या आणि सकाळी परत पिन काढून बघा. पण १७० व्होल्टचं मात्र वायरमनला आणि वीज कार्यालयाला लेखी कळवा, ते तसंच राहिलं तर यूपीएस रोज संध्याकाळी बॅटरीवर जाईल आणि हीसुद्धा वर्षभरात संपेल. तोपर्यंत कोरलचं ऑटो बॅकअप पाच मिनिटांवर करून ठेवा.