ड्यूटी-फ्री म्हणजे फुकट नव्हे

'फ्री म्हणजे एकतर फुकट नाहीतर मोकळा, तिसरा अर्थच नाही' असं काहीजण इंग्रजी 'फ्री' शब्दाबद्दल म्हणतात, ते मला पटत नाही. नामानंतर जोडला की हाच शब्द 'विना' होतो, जसं शुगर-फ्री.

आमच्या यवतमाळकडे हा अर्थ कापसानं शिकवला. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं आयात कापसावरचं ११ टक्के शुल्क काही काळासाठी काढलं. पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, तेव्हा पात्यांवर (कळ्यांवर) होती. पारावर पेपरातलं 'ड्यूटी-फ्री कापूस' मी मोठ्यानं वाचलं, तर शेजारचे आजोबा हातातला विळा खाली ठेवून म्हणाले, "म्हंजे बाहेरचा कापूस आता फुकट येते का गा?" फुकट नाही आजोबा, शुल्काविना, हे समजावताना माझाच जीव कासावीस झाला. भाव पडायची भीती त्यांना त्या एका शब्दातच दिसली होती.