मदत हवी आहे: जुन्या रॉकेल पंपाच्या कार्बोरेटरचं मॅन्युअल

शेतावरचा जुना फोर-स्ट्रोक पंप आहे, पेट्रोलवर चालू करून गरम झाला की रॉकेलवर टाकायचा तो. पेट्रोलवर मस्त चालतो पण रॉकेलवर टाकला की काळा धूर आणि कार्बोरेटरच्या ओव्हरफ्लोतून थेंब थेंब गळती. प्लगचा स्पार्क चांगलाय, चोक पूर्ण उघडतोय, जेट साफ केले, निडल आणि बाऊलची गास्केट नवी टाकली, फ्लोटमध्येही (बाऊलमधली इंधनाची पातळी राखणारा तरंगता भाग) तेल शिरलेलं नाही. मेकॅनिक म्हणतो नवीन चायना कार्बोरेटर बसवा, ते नकोय. नेमप्लेट पार घासलीय, फक्त क्रँककेसवरचा इंजिन नंबर आणि कार्बोरेटरच्या बॉडीवरचे आकडे वाचता येतात. इंग्रजी पीडीएफ असली तरी चालेल. या नंबरांवरून मॉडेल कसं ओळखायचं आणि फ्लोटची उंची दिलेलं सर्व्हिस मॅन्युअल कुठे मिळेल?